घुमटातील आकाश आणि घुमटाबाहेरील मूल : फिरत्या तारांगणाद्वारे होणाऱ्या नक्षत्रशिक्षणाची चिकित्सा

सारांश

शालेय विद्यार्थ्यांना तारे व तारकासमूह यांची ओळख करून देण्यासाठी फुगवता येणाऱ्या घुमटाचे फिरते तारांगण हे साधन गेल्या काही दशकांत रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखात या साधनाची पूर्वपीठिका, त्याची शैक्षणिक बलस्थाने आणि मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. जे खरे आकाश सहजासहजी दाखवू शकत नाही ते घुमटाने दाखवावे आणि जे आकाशात पाहता येते ते मुलाने आकाशातच पाहावे, ही कार्यविभागणी पाळली गेली नाही तर हे साधन मुलाला निरीक्षक न बनविता केवळ प्रेक्षक बनविते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : फिरते तारांगण, नक्षत्रशिक्षण, आकाशनिरीक्षण, विज्ञानशिक्षण, लोकपरंपरेतील खगोलज्ञान

प्रस्तावना

शाळा दिवसा भरते आणि तारे रात्री दिसतात. खगोलशास्त्राच्या शालेय अध्यापनातील बहुतेक अडचणींचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे. वनस्पतींचा पाठ शाळेच्या आवारात घेता येतो, चुंबकाचा पाठ प्रयोगशाळेत घेता येतो. तारकासमूहांचा पाठ मात्र फळ्यावर काढलेल्या ठिपक्यांवरच भागवावा लागतो. महाराष्ट्रात त्यात आणखी एका अडचणीची भर पडते. आपले शैक्षणिक वर्ष जून महिन्यात, म्हणजे नेमके ढगाळ आकाशाखाली सुरू होते. ऑक्टोबरनंतर आकाश निवळते, तोपर्यंत सहामाही परीक्षा जवळ आलेली असते. शहरातील मुलांच्या वाट्याला तर निरभ्र रात्रीसुद्धा मोजकेच तारे येतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम प्रकाशाच्या जागतिक नकाशासंग्रहात जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशप्रदूषित आकाशाखाली राहतात आणि मानवजातीच्या एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसत नाही, असा निष्कर्ष मांडण्यात आला आहे.

ही पोकळी भरून काढण्यासाठी फिरते तारांगण शाळेच्या दारी येते. काळ्या, अपारदर्शक कापडाचा सुमारे पाच मीटर व्यासाचा घुमट सभागृहात पसरला जातो, पंखा सुरू होताच तो फुगतो, आणि पंचवीस-तीस मुले एका बोगद्यातून रांगत आत शिरतात. आत अंधार होतो, मध्यभागी ठेवलेला प्रक्षेपक सुरू होतो आणि मुलांच्या तोंडून एकच उद्गार बाहेर पडतो. हा उद्गार खरा असतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास एका निमशहरी शाळेत असा कार्यक्रम पाहण्याचा योग आला. कार्यक्रम नेटका होता, निवेदकाची वाणी प्रसन्न होती आणि मुले रंगून गेली होती. सप्तर्षींवरून ध्रुवतारा कसा शोधावा हेही सांगून झाले होते. दुपारी बाराच्या सुमारास मुले बाहेर आल्यावर पटांगणात त्यांना सहज विचारले, “उत्तर दिशा दाखवा पाहू.” काही हात वेगवेगळ्या दिशांना गेले, आणि बरेच हात सरळ वर, डोक्याकडे गेले. घुमटात ध्रुव ‘वर’ होता, म्हणून उत्तर ‘वर’ होती. मुलांनी जे पाहिले होते त्यावरून काढलेला तो प्रामाणिक निष्कर्ष होता. प्रस्तुत चिकित्सेचा आरंभ त्या वर गेलेल्या हातांपासून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

साधनाची पूर्वपीठिका

छताखाली आकाश आणण्याची कल्पना जुनी आहे. शिकागो येथील विज्ञान अकादमीत १९१३ साली उभारलेला ॲटवूड गोल हा १५ फूट व्यासाचा धातूचा पोकळ गोल होता. त्याच्या पृष्ठभागावर पाडलेल्या ६९२ छिद्रांतून येणारा उजेड हेच तारे. प्रेक्षक आत बसत आणि गोल त्यांच्याभोवती फिरे. जर्मनीतील म्युनिक येथील संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांच्या आग्रहावरून त्सायस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी ही रचना उलटी केली. घुमट स्थिर ठेवून मध्यभागी फिरणारा प्रक्षेपक बसविण्याची त्यांची कल्पना १९२३ साली प्रत्यक्षात आली आणि आधुनिक तारांगणाचा जन्म झाला. त्सायसचे यंत्र अत्यंत महाग होते. अमेरिकेतील आर्मंड स्पिट्झ यांनी १९४७ साली सुमारे ५०० डॉलर किमतीचा साधा प्रक्षेपक तयार केला, तेव्हा तारांगण शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आले. पुण्यातील टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालेले कुसुमबाई मोतीचंद तारांगण हे स्पिट्झ पद्धतीच्या यंत्रावरच उभे राहिले. एका शाळेच्या इमारतीत तारांगण असावे, हा विचार महाराष्ट्रात इतक्या लवकर रुजला, ही नोंद घेण्याजोगी बाब होय.

१९७७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. त्या वर्षी मुंबईत वरळी येथे नेहरू तारांगण सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप सॅडलर यांनी ‘स्टारलॅब’ हे फुगवता येणाऱ्या घुमटाचे तारांगण तयार केले. एकीकडे मुलांना तारांगणाकडे नेण्याची योजना, तर दुसरीकडे तारांगणालाच मुलांकडे नेण्याची. स्टारलॅबमध्ये मध्यभागी एक छोटा दिवा व त्याभोवती आकाशाचा नकाशा धारण करणारा दंडगोल असे. दंडगोल बदलला की आकाशावर तारकाचित्रे येत किंवा एखाद्या लोकसमूहाच्या कथा येत. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या दंडगोलाची जागा संगणक व मत्स्यनेत्र भिंग जोडलेला प्रोजेक्टर घेऊ लागला. ऑस्ट्रेलियातील पॉल बोर्क यांनी महागड्या भिंगाऐवजी बहिर्वक्र आरसा वापरण्याची युक्ती प्रचारात आणली आणि ‘स्टेलॅरियम’ ही मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध झाली. २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षाच्या सुमारास हे साधन पूर्वीपेक्षा स्वस्त व सुटसुटीत झाले होते ते यामुळेच.

सॅडलर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. मॅथ्यू श्नेप्स यांच्यासमवेत त्यांनी १९८७ मध्ये ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा माहितीपट केला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात, चंद्राच्या कला कशा होतात, असे प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी २१ जणांच्या उत्तरांत मूलभूत गैरसमज आढळले. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो, ही त्यांपैकी सर्वांत ठसठशीत समजूत. ज्याने मुलांसाठी फिरते आकाश तयार केले त्यानेच, नुसते दाखविल्याने समज बदलत नाही, हेही दाखवून दिले. साधनाच्या जनकाचा हा दुसरा धडा मात्र आपल्याकडे घुमटाबरोबर आलेला दिसत नाही.

घुमटाची खरी बलस्थाने

फिरत्या तारांगणाची जाहिरात सहसा ‘दिवसा तारे’ या शब्दांत केली जाते. वस्तुतः ते त्याचे सर्वांत लहान सामर्थ्य आहे. आकाश स्वतः जे एका रात्रीत दाखवू शकत नाही ते घुमट दाखवू शकतो, हे त्याचे मोठे सामर्थ्य होय. त्याची तीन उदाहरणे पुरेशी ठरावीत.

पहिले उदाहरण काळाच्या संक्षेपाचे. तारे तासाला १५ अंश सरकतात. ही गती इतकी मंद आहे की मूल ती पाहत नाही, फक्त तिचा परिणाम पाहते. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. ही दुसरी गती तर लक्षात येण्यास महिने लागतात. घुमटात रात्र दोन मिनिटांत व वर्ष पाच मिनिटांत सरते. वर्षातील बारा पौर्णिमांचा चंद्र ओळीने दाखविला आणि प्रत्येक वेळी तो कोणत्या नक्षत्राजवळ आहे एवढेच विचारले, तर चित्रेजवळ चैत्र, विशाखेजवळ वैशाख, कृत्तिकांजवळ कार्तिक, मृगशीर्षाजवळ मार्गशीर्ष ही मालिका मूल स्वतः जुळवू लागते. महिन्यांची नावे पाठ केलेली असतात. ती आकाशातून आली आहेत, हा शोध मात्र त्याचा स्वतःचा असतो.

दुसरे उदाहरण आपल्या शेतीजीवनाशी निगडित आहे. ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते, हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु त्या दिवसांत रात्रभर जागले तरी मृग दिसत नाही. कारण मृग ‘लागतो’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो, आणि सूर्यासोबत उगवून सूर्यासोबत मावळणारे तारे दिसणार कसे? खऱ्या आकाशात ही गोष्ट तर्कानेच समजून घ्यावी लागते. घुमटात सूर्य ठेवून दिवसाचा प्रकाश तेवढा काढून टाकता येतो आणि त्याच्या पाठीमागे उभे असलेले मृगाचे तारे दाखविता येतात. आजोबांच्या तोंडचा शब्द आणि पुस्तकातील क्रांतिवृत्त यांची सांगड घालणारा याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही. मात्र अशा कार्यक्रमांत तो अभावानेच घेतला जातो.

तिसरे उदाहरण स्थलांतराचे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. पुण्यात ती सुमारे साडेअठरा अंश, कन्याकुमारीस आठ, श्रीनगरला चौतीस. घुमटात ही यात्रा काही क्षणांत करता येते आणि पृथ्वीचा गोलाकार हे वाक्य न राहता अनुभव होऊ शकतो. भूगोलाच्या अध्यापकांनी या साधनाकडे विज्ञान विभागाचे खेळणे म्हणून पाहू नये, ते यासाठीच.

घुमटाच्या मर्यादा

प्रत्येक प्रतिकृती काही खरे दाखविण्यासाठी काही खोटे पत्करते. नकाशा सपाट असतो, म्हणून तो त्याज्य ठरत नाही. पण तो सपाट आहे हे सांगावे लागते. फिरत्या तारांगणाच्या बाबतीत हे सांगणे राहून जाते.

घुमटात दिशा नसतात. मूल बोगद्यातून रांगत, वळसा घेत आत येते तेव्हाच त्याचा बाहेरच्या दिशांशी असलेला संबंध तुटतो. बहुतेक वेळा घुमटातील उत्तर ही सभागृहातील विजेच्या जोडणीच्या सोयीने ठरलेली असते. वर उल्लेखिलेल्या मुलांचे हात वर गेले याचे मुख्य कारण हेच होय.

घुमटात मापेही बदलतात. सप्तर्षींची लांबी आकाशात सुमारे २५ अंश आहे. अडीच मीटर त्रिज्येच्या घुमटावर ती साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर भरते. मध्यभागी बसलेल्या मुलाला ती योग्य दिसेल. परंतु मध्यभागी तर प्रक्षेपक असतो. कडेला बसलेल्या मुलाला समोरच्या बाजूची आकृती आक्रसलेली आणि पाठीमागची आकृती फुगलेली दिसते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते, हा आकाशनिरीक्षणातील पहिला उपयुक्त धडा म्हणूनच येथे धड शिकविता येत नाही. बाहेर आल्यावर मूल आकाशात मृग शोधते तेव्हा तो अपेक्षेहून मोठा असतो किंवा लहान असतो, आणि शोध फसतो.

तेजस्वी तारा घुमटावर मोठ्या ठिपक्याने दाखवितात. परिणामी तेजस्वी म्हणजे मोठा, ही समजूत दृढ होते. सर्व ठिपके एकाच कापडावर असल्याने सर्व तारे सारख्याच अंतरावर आहेत, हेही नकळत मनावर बिंबते. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्याच शेजारी चमकणारा, मृगाच्या पायातील राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. शंभरपट अंतर एका कापडात मिटून जाते. प्राचीनांनी कल्पिलेला स्फटिकगोल आपण पुन्हा मुलांच्या डोक्यावर उभा करतो आणि त्यास आधुनिक विज्ञान म्हणतो, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सर्वांत सूक्ष्म मर्यादा गतीची. घुमटात तारे खरोखरच फिरतात आणि मूल खरोखरच स्थिर बसलेले असते. पृथ्वी फिरते, हे निवेदक तोंडाने सांगतो. डोळ्यांसमोर मात्र त्याच्या विरुद्ध घडत असते. अशा वेळी शब्दांपेक्षा डोळ्यांवरच मुलाचा अधिक विश्वास बसला, तर दोष मुलाचा नव्हे.

नावे कोणाची?

भाषेचा व सांस्कृतिक संदर्भाचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. घुमटावर अनेकदा पाश्चात्त्य तारकाचित्रे उमटतात. ओरायन हा ढाल-गदा घेतलेला शिकारी समोर येतो. महाराष्ट्रातील मुलाला हेच तारे मृग म्हणून परिचित असतात. चार तारे हे हरिणाचे चार पाय, मधले तीन तारे हा त्याच्या पोटात रुतलेला बाण आणि खाली चमकणारा तो बाण मारणारा व्याध. म्हणजे एका परंपरेत जो शिकारी, तोच दुसरीत शिकार. या दोन कथांपैकी एक पुसून दुसरी लिहिणे ही शैक्षणिक हानी होय. दोन्ही शेजारी ठेवल्या तर आकाशात रेषा नाहीत, चित्रे नाहीत, ती माणसांनी काढली आहेत, हा मूलभूत धडा एका मिनिटात मिळतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ साली ८८ तारकासमूह मान्य केले आणि १९३० मध्ये त्यांच्या सीमा निश्चित झाल्या, त्या अभ्यासकांच्या सोयीसाठी. आकाशावर कोणाची मालकी सांगण्यासाठी नव्हेत.

हा मुद्दा आदिवासी भागात अधिक टोकदार होतो. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड व अन्य समाजांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. गोंडांच्या आकाशात सप्तर्षींचा चौकोन ही खाट आहे आणि मागचे तीन तारे हे ती पळविणारे चोर. आश्रमशाळेतील एखादे मूल ही खाट घरून शिकून आलेले असू शकते. निवेदकाने ‘हे सप्तर्षी’ असे सांगून पुढे जावे की ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असे विचारून थांबावे, हा निवडीचा प्रश्न आहे. पहिल्या मार्गाने मुलाच्या हाती एक नवा शब्द येतो आणि घरून आणलेला एक जुना शब्द गळून पडतो. दुसऱ्या मार्गाने वर्गाला दोन्ही मिळतात. शालेय ज्ञानाची सांगड शाळेबाहेरील जीवनाशी घालावी, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. त्याची कसोटी अशा लहान प्रसंगीच लागते.

नक्षत्रांची नावे घेताच राशिभविष्याचा प्रश्न विचारला जातो, म्हणून ती टाळावीत, असेही एक मत ऐकू येते. परंतु तो प्रश्न टाळण्यापेक्षा घुमटातच सोडविणे श्रेयस्कर. सूर्य वर्षभरात बारा नव्हे, तर भुजंगधारीसह तेरा तारकासमूहांतून जातो, हे तेथे डोळ्यांना दाखविता येते. परांचन गतीमुळे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाचे स्थान कालिय तारकासमूहातील ठुबान या ताऱ्याजवळ होते आणि सुमारे बारा हजार वर्षांनी ते अभिजितच्या परिसरात असेल, हेही दाखविता येते. ज्यास आपण अढळ म्हणतो तोही अढळ नाही, हे ज्ञान अंधश्रद्धेवरील व्याख्यानापेक्षा अधिक काम करते.

प्रेक्षक की निरीक्षक?

या साधनाच्या परिणामकारकतेविषयी झालेले संशोधन येथे विचारात घेणे क्रमप्राप्त आहे. तारांगणातील निवेदनप्रधान कार्यक्रम आणि मुलांच्या हाती नकाशा देऊन त्यांच्याकडून शोध करविणारा सहभागात्मक कार्यक्रम यांची प्रायोगिक तुलना मॅलन व ब्रूस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली आणि कौल सहभागात्मक पद्धतीच्या बाजूने लागला. ब्रॅझेल व एस्पिनोझा यांनी २००९ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यातून तारांगणाचा परिणाम अनुकूल, पण माफक असल्याचे दिसले. ज्युलिया प्लमर यांनी त्याच वर्षी पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, तारांगणात बसल्या जागी हाताने सूर्य-ताऱ्यांचा मार्ग रेखाटणाऱ्या मुलांच्या आकलनात सुधारणा झाल्याचे नोंदविले. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसोबत केलेले कामही याच दिशेचे आहे. आकृत्या आणि हातवारे, म्हणजेच स्वतःचे शरीर, यांच्या साहाय्याने पृथ्वी-सूर्य-चंद्राच्या रचनेचे आकलन घडविता येते, असे त्यांनी दाखवून दिले आहे.

या सर्वांचा मथितार्थ एकच : साधन शिकवीत नाही, साधनासमोर मूल जे करते ते त्याला शिकविते. या निकषावर आपल्याकडील प्रचलित कार्यक्रम पाहिला तर मूल तेथे काय करते? ते आडवे होते, ऐकते, थक्क होते आणि टाळ्या वाजविते. निवेदकाच्या हातातील प्रकाशबाण ज्याच्यावर पडेल तोच तारा ते पाहते. म्हणजे आकाशनिरीक्षणातील सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंददायी भाग, स्वतः शोधून काढणे, हा निवेदक स्वतःकडे ठेवतो. खऱ्या आकाशात ढग येतात, डोळे अंधाराला सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, झाड आडवे येते. घुमटातील आकाश आज्ञाधारक असते. आज्ञाधारक आकाशाची सवय झालेल्या मुलाला खरे आकाश फिके वाटले, तर आपण त्याला आकाशाच्या जवळ नेले की दूर, हा प्रश्न विचारावाच लागेल.

येथे दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. घुमट घेऊन फिरणाऱ्यांना एका दिवसात अनेक तुकड्या आटोपाव्या लागतात. शाळा अर्ध्या तासाहून अधिक वेळ देत नाहीत. आत उकडते, पंख्याचा आवाज असतो, लहान मुले अंधारात घाबरतात. अशा स्थितीत बांधीव निवेदन हाच व्यवहार्य मार्ग उरतो. शिवाय शहरातील असंख्य मुलांना दाट तारे दिसण्याचा हा एकमेव प्रसंग असू शकतो. तो थक्क होण्याचा क्षण तुच्छ लेखता येणार नाही. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की दोष वेळेच्या अभावापेक्षा नियोजनाचा आहे. घुमटाची भेट हाच संपूर्ण पाठ आहे, असे शाळा मानते. वस्तुतः तो पाठाचा मधला भाग असावयास हवा.

सुधारणेची दिशा

ही मधल्या भागाची कल्पना प्रत्यक्षात आणण्यास फारसा खर्च लागत नाही. भेटीच्या आदल्या दिवशी पटांगणात काठी रोवून तिच्या सर्वांत आखूड सावलीवरून मुलांनी उत्तर-दक्षिण रेषा आखावी. घुमट उभारताना त्यातील उत्तर ही त्या रेषेशी जुळविलेली असावी. शाळेभोवतीचे क्षितिज, म्हणजे पाण्याची टाकी, वडाचे झाड, टेकडी, पुठ्ठ्यावर कापून घुमटाच्या कडेला लावले तर मुलाला आपले आकाश आपल्या गावावर उभे दिसेल. आत तीसऐवजी तीनच आकृत्या घ्याव्यात, त्याही त्या ऋतूत संध्याकाळी दिसणाऱ्या, आणि प्रकाशबाण मुलांच्या हाती द्यावा. पृथ्वीची गती शिकविताना मुलांनी उभे राहून स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरावे, म्हणजे तारे उलट सरकताना का दिसतात हे अंगाला कळेल. त्यानंतर महिनाभर दर पंधरवड्यास, एकाच वेळी व एकाच जागेवरून, मृग त्या झाडाच्या किती वर आला याची मुठीने मोजून वहीत नोंद करावी. घुमटाची भेट नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवली तर हे सर्व निरभ्र आकाशाखाली शक्य होते.

निवासी आश्रमशाळांचा विचार वेगळा करावा लागेल. तेथे मुले रात्री शाळेतच असतात आणि आकाश बहुधा काळेभोर असते. अशा ठिकाणी भर दुपारी घुमट लावून निघून जाणे म्हणजे नदीकाठच्या मुलांना चित्रातील पाणी दाखविण्यासारखे होय. तेथे घुमट सायंकाळी लावावा, वर्षाची गती व दिवसाचे तारे आत दाखवावेत आणि मग सर्वांनी बाहेर येऊन उघड्यावर बसावे.

या कामी महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. भौतिकशास्त्र व भूगोल विभागांचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि अध्यापक महाविद्यालयांतील छात्राध्यापक यांना जवळच्या शाळेत पूर्वतयारी व पाठपुरावा करणे सहज शक्य आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून आकाशनिरीक्षणाची चळवळ हौशी अभ्यासकांच्या बळावर चालवीत आले आहेत. निरीक्षणाची ही परंपरा आणि घुमटाचे तंत्र यांची गाठ घालून देणे हे महाविद्यालयीन अध्यापकांचे काम आहे.

निष्कर्ष

फिरते तारांगण हे उपयुक्त साधन आहे. परंतु त्याची उपयुक्तता आकाशाची नक्कल करण्यात नसून आकाशाला पूरक ठरण्यात आहे. काळाचा संक्षेप, दिवसाचे तारे व अक्षांशांची यात्रा ही घुमटाची कामे. दिशा, मापे, प्रतीक्षा व शोध ही उघड्या आकाशाची कामे. या दोहोंची अदलाबदल झाली की माहिती वाढते आणि दृष्टी मात्र मंदावते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी सामान्य वाचकासाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे, जवळजवळ एका तासिकेएवढा वेळ. मौज त्यांनाही अभिप्रेत होती. मात्र ती त्यांनी रात्रीच्या नावाने मांडली, आकाशाखाली उभ्या असलेल्या वाचकाला गृहीत धरून. घुमटातून बाहेर आलेल्या मुलाने त्याच संध्याकाळी अंगणात जाऊन आधी उत्तर दिशा आणि मग एक तरी ओळखीचा तारा शोधला, तरच त्या घुमटाचे काम झाले, असे म्हणता येईल.